कारणाच्या रकान्यात ‘गांजा’

शाळेतून वर्षाकाठी किती तक्ते भरून पाठवावे लागतात, हे शिक्षकांना सांगायला नको. त्यांपैकी गळतीच्या तक्त्यात ‘कारण’ असा एक रकाना असतो. मूल शाळा का सोडून गेले हे कित्येकदा नक्की ठाऊक नसते. पण रकाना मोकळा राहिला तर तक्ता परत येतो. मग नेहमीच्या कारणांपैकी एखादे लिहिले जाते : गरिबी, स्थलांतर, पालकांची उदासीनता. पुढे या नोंदींची बेरीज होते, टक्केवारी निघते आणि तिच्या आधारे योजना आखल्या जातात.

असाच एक रकाना १८९३ साली हिंदुस्थानातील एका मोठ्या वादाच्या मुळाशी होता. प्रश्न होता, गांजाने माणूस वेडा होतो काय? आणि होत असेल तर त्यावर बंदी घालावी काय? त्या वेळी झालेली चौकशी विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे, असे आम्हांला वाटते.

एक झाड, तीन पदार्थ

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच जातीच्या झाडापासून मिळतात. या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात. पाने वाळवून वाटली की भांग होते. मादी झाडाच्या, परागण न झालेल्या चिकट फुलोऱ्याला गांजा म्हणतात. झाडावरची राळ गोळा केली की तो चरस. परागण झाले तर बी धरते आणि राळ कमी होते. म्हणून गांजाच्या शेतातून नर झाडे वेळीच उपटून टाकावी लागतात. बंगालमधील नौगाव भागात हेच काम करणारे जाणकार असत आणि त्यांना ‘पोद्दार’ म्हणत. मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही गांजाच्या लागवडीची मुख्य ठिकाणे होती. चरस यारकंदहून लेहमार्गे पंजाबात येई. या साऱ्यावर सरकार कर घेत असे.

लंडनमधला प्रश्न

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीच्या पुरस्कर्त्या सभासदाने बंगालमधील गांजाच्या परिणामांविषयी प्रश्न विचारला. त्यातून जुलै १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने सात जणांचा ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ हा आयोग नेमला. अध्यक्ष होते पंजाबातील अधिकारी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सभासदांत कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते, तसेच ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तीन भारतीय होते. आयोग ब्रह्मदेशापासून सिंधपर्यंत फिरला. त्याने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि ऑगस्ट १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला.

रकाना कोणी भरला?

गांजाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा वेड्यांच्या इस्पितळांतून येत होता. कुलाबा, रत्नागिरी, धारवाड, ढाका अशा ठिकठिकाणच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते प्रसिद्ध होत. त्यांत वेडाच्या कारणांपुढे ‘गांजा’ हा शब्द वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणात दिसे. १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले आणि त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण भांग, गांजा किंवा चरस असे नोंदले होते. म्हणजे दर सहा रुग्णांमागे एक. एवढा आकडा छापील तक्त्यात पाहिल्यावर कोणालाही पटावे.

आयोगाने एक साधा प्रश्न विचारला : ही नोंद मुळात केली कोणी? मागोवा घेत गेल्यावर उत्तर मिळाले ते असे. रस्त्यात भटकणारा किंवा घरात आवरेनासा झालेला माणूस पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे आणत. त्याच्याबरोबर एक छापील फॉर्म जाई. त्यात वेडाच्या कारणाचा रकाना असे आणि तो पुष्कळदा पोलीसच भरत. ‘हा गांजा ओढत होता का?’ असे विचारल्यावर कोणी ‘हो’ म्हटले की काम झाले. अनोळखी बैराग्याच्या किंवा फकिराच्या बाबतीत तर विचारायचीही गरज वाटत नसे. इस्पितळातील कारकून तेच आपल्या वहीत उतरवून घेई. इस्पितळाचा डॉक्टर बहुधा इतर अनेक कामे सांभाळणारा जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन असे. तो त्या नोंदीवर सही करी. सही झाली की पोलिसाचा अंदाज डॉक्टरांचे निदान बनत असे. पुढे हेच डॉक्टर तक्त्याकडे बोट दाखवून गांजाने वेड लागते असे सांगत, आणि डॉक्टरांनी सांगितले म्हणून पोलीसही कारण म्हणून गांजाच लिहीत.

मग आयोगाने १८९२ सालच्या या रुग्णांची प्रकरणे पुन्हा तपासायला घेतली. ज्या गावांतून ते आले होते तिथे नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे विचारपूस करवली. घराण्यात वेड होते का, आधी फिट्स येत होत्या का, दारू किंवा अफूची सवय होती का, आणि गांजा आधी की आजार आधी, हे पाहिले. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा होता. मन बिघडू लागलेला माणूस कधी कधी नशेकडे वळतो. तिथे गांजा हे आजाराचे कारण नसून आजाराचेच एक लक्षण असू शकते.

तपासणीनंतर २२२ पैकी ९८ प्रकरणे उरली. त्यांतील ६१ जणांत भांग-गांजाखेरीज दुसरे कारण सापडले नाही, तर ३७ जणांत इतर कारणेही होती. सहामागे एक हे प्रमाण केवळ गांजापुरते पाहिले तर बावीस रुग्णांमागे एक एवढे खाली आले.

इथे दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात. आकडा घटला, पण शून्य झाला नाही. बेताने सेवन करणाऱ्यांना सहसा इजा होत नाही, अतिरेकाने मात्र शरीराला आणि मनाला अपाय होतो आणि कमकुवत मनाच्या माणसाला वेडही लागू शकते, असे आयोगाने म्हटले. बहुतेक लोक बेतानेच सेवन करतात, असेही त्याला आढळले. त्यावरून त्याने संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या अधिक घातक गोष्टींकडे वळतील आणि धार्मिक परंपरांत नाहक ढवळाढवळ होईल, अशी त्याला भीती वाटली. लागवड मर्यादित ठेवावी, परवाने द्यावेत, कर वाढवावा, जवळ बाळगायच्या मालावर मर्यादा असावी, असा मार्ग त्याने सुचवला. ‘हानी कमी करणे’ हा शब्दप्रयोग तेव्हा रूढ नव्हता. विचार मात्र त्याच दिशेचा होता.

हा निर्णय एकमताचा नव्हता. राजे शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी आपली भिन्न मते नोंदवली. शिवाय बंदीने उत्पन्न बुडेल हे सरकारला ठाऊक होतेच, हेही विसरून चालणार नाही.

आधी विचारायचे

आयोगाची एक अडचण त्याला सोडवता आली नाही. माणूस आजारी पडल्यावर मागे वळून कारण शोधले की आठवणी आणि पूर्वग्रह आडवे येतात. यावर उपाय म्हणजे निरोगी असतानाच विचारून ठेवायचे आणि मग वाट पाहायची. स्वीडनमध्ये १९६९-७० साली लष्करी सेवेसाठी आलेल्या तरुणांना त्यांच्या सवयी विचारल्या होत्या. त्यांपैकी ४५,५७० जणांचा पुढील १५ वर्षांचा मागोवा १९८७ साली प्रसिद्ध झाला. ५० हून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघाले. मूळचे इतर फरक हिशेबात धरल्यावर ते सुमारे २.३ पटीवर आले. तरीही खूप सेवन करणाऱ्यांतील बहुसंख्यांना हा आजार झाला नाही. आज सर्वसाधारणपणे मानले जाते ते असे : धोका खरा आहे, तो मात्रेबरोबर वाढतो, लहान वयात सुरुवात केली किंवा घराण्यात असा आजार असला तर अधिक असतो.

दरम्यान रसायनशास्त्रही पुढे गेले. १९६४ साली इस्राएलमध्ये मेखोलाम आणि गाओनी यांनी गांजातील नशा आणणारा घटक, टीएचसी, वेगळा करून त्याची रचना ठरवली. १९९२ साली मेंदूतच तयार होणारा आणि मेंदूत टीएचसीच्याच जागी जाऊन बसणारा पदार्थ सापडला. त्याला संशोधकांनी ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले.

कायदा आणि वर्ग

कायद्याची वाट वेगळी गेली. १९२५ च्या जिनिव्हा करारात आणि १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा नियंत्रणाखाली आला. भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आली. पाने व्याख्येबाहेर राहिल्याने भांगेचा प्रश्न राज्यांकडे राहिला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला आणि भारताचे मत बाजूने होते. देशातील बंदी मात्र त्याने उठली नाही.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आधीच्या वर्षभरात सुमारे ३.१ कोटी लोकांनी भांग, गांजा किंवा चरस घेतला होता आणि त्यापायी मदतीची गरज असलेले लोक सुमारे ७२ लाख होते. या दोन आकड्यांमधले अंतर पाहा. गांजा घेणारा प्रत्येक जण बरबाद होतो असे मुलांना सांगितले, तर बरबाद न झालेला एखादा ओळखीचा माणूस त्यांना ठाऊक असतो आणि मग आपल्या बाकीच्या सांगण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो. काही होत नाही असे सांगितले, तर ते ७२ लाख लोक आपण विसरलो. शिवाय कोवळ्या वयात धोका अधिक असतो हे सांगायला चांगला पुरावा आहे. त्याला अतिशयोक्तीची जोड लागत नाही. आणखी एक गोष्ट शिक्षकांना माहीत असावी. सेवनाबद्दल किंवा थोड्या मालाबद्दल आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचारांसाठी मान्य संस्थेत गेला, तर कलम ६४ए नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. महिनाभराची गैरहजेरीची कारणे हजेरीपटातून मोजावीत. मग त्याच मुलांना, रागावणार नाही असे सांगून, खरी कारणे नाव न घालता चिठ्ठीवर लिहायला सांगावीत. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत आणि पहिला तक्ता कोणी, कधी, कोणाला विचारून भरला, एवढेच मुलांना विचारावे. १८९२ सालच्या त्या २२२ जणांची गोष्ट त्यानंतर सांगितली तर अधिक चांगली समजेल.