मुखवटा नसलेला खलनायक

आज सुरुवात फ्रान्सपासून करू, पण थांबायचंय नगरलाच.

१९६४ साली ‘फँतोमा’ हा विनोदी गुन्हेगारीपट आला. निळसर मुखवट्याआडचा खलनायक, आणि त्याच्यामागे धावून दमणारा पोलीस अधिकारी जूव्ह. खरा चेहराच ठाऊक नाही, मग पकडणार कुणाला? प्रेक्षक हसतात.

आता १९८३ चा ‘अर्धसत्य’ आठवू. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. नगरमध्ये जन्मलेले सदाशिव अमरापूरकर त्यात रामा शेट्टी झाले. इथं मुखवटा नाही. नाव, चेहरा, पत्ता सगळ्यांना माहीत. तरी इन्स्पेक्टर वेलणकरचे हात बांधलेले. इथं कुणाला हसू येत नाही.

पुढं ‘सडक’मधल्या महाराणीनं त्यांना खलनायकाचा फिल्मफेअर पुरस्कार दिला, ‘इश्क’मध्ये त्यांनी हसवलंही. २०१४ साली ते गेले; अंत्यसंस्कार नगरलाच झाले.

आम्हाला वाटतं, लपलेल्या गुन्हेगाराला आपण हसू शकतो, कारण मुखवटा निघाला की गोष्ट संपते. उघड्या तोंडानं खुर्चीत बसलेल्याचं काय करायचं? रामा शेट्टीनं विचारलेला हा प्रश्न चाळीस वर्षांनंतरही आपल्यापुढं तसाच आहे.