परिसंस्था : शब्दाआधीचं वावर

पाचवीतल्या मुलाला ‘परिसंस्था म्हणजे काय?’ विचारा, व्याख्या घडाघडा येते. शब्द तसा अलीकडचाच. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ले यांनी १९३५ साली ‘इकोसिस्टिम’ हा शब्द छापला. सुचवला होता त्यांचे तरुण सहकारी आर्थर क्लॅपहॅम यांनी. झाडं-प्राणी आणि त्यांची माती, पाणी, हवा हे सगळं मिळून एकच, हा टॅन्स्लेंचा आग्रह. मराठीत त्याची ‘परिसंस्था’ झाली.

पण हे मुलांना कसं शिकवावं याची कुळी शोधत मी वर्ध्याला येतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मागोमाग झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. हस्तोद्योग त्याचा कणा, आणि सामान्य विज्ञानात निसर्गनिरीक्षण, वनस्पती, प्राणी, आरोग्य. पुढे सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ही नई तालीम उभी केली. सूतकताई, शेती, सफाई हेच तिथले धडे.

सूत म्हटलं की कापूस आला, आणि कापूस म्हणजे पऱ्हाटी. बोंड फुटतं, कापूस वेचला जातो, सरकी निघते. सरकीची ढेप गाईला, गाईचं शेण खताच्या खड्ड्यात, खत पुन्हा काळ्या वावरात. पानामागच्या माव्यावर ढालकिडा बसतो, तासामागे बगळे चालतात. कोण कोणावर जगतं, हे मुलाला वेगळं पाठ करावं लागत नाही. विघटन हा शब्द तर खताचा खड्डा उपसणाऱ्या हातांना आधीच कळलेला असतो.

वावर ही माणसाने घडवलेली परिसंस्था. बाकीचे प्रकारही जिल्ह्यात हाताशी आहेत. पवनारची धाम नदी वाहत्या पाण्याची, बोर धरण साठलेल्या पाण्याचं आणि त्याला लागून सागाचं पानझडी जंगल. ते २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं. माळरानाला मात्र अनेकजण पडीक जमीन समजतात. ती चूक आधी मोठ्यांनी सुधारावी.

सेवाग्रामात २००५पासून आनंद निकेतन ही शाळा पुन्हा नई तालीम चालवते आहे. शिक्षकहो, व्याख्या फळ्यावर लिहायच्या आधी वर्गाला एकदा धुऱ्यावर घेऊन जा.