शिडाच्या नौकेवरील डिझेल इंजिन : दोषनिदान आणि दुरुस्ती

शिडाच्या नौका गोव्याला नव्या नाहीत. दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादई’ २००९ साली भारतीय नौदलाच्या स्वाधीन झाली. तिच्यावरूनच कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तशीच प्रदक्षिणा केली. अशा नौकांना पुढे नेतो तो वारा. तथापि बंदरात शिरणे, धक्क्याला लागणे आणि बॅटरी चार्ज करणे यांसाठी डिझेल इंजिन लागतेच. मांडवीच्या मुखाशी वारा पडलेला असताना ते बंद पडले, तर ओहोटीचा ओढ आणि लाटा नौकेला आग्वादच्या खडकांकडे किंवा वाळूच्या पट्ट्याकडे नेण्यास वेळ लावीत नाहीत. म्हणून इंजिन थांबताच प्रथम शीड उभारावे किंवा नांगर टाकावा. नौका सुरक्षित झाल्यावरच इंजिनाचे झाकण उघडावे.

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा दाबाने इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे या इंजिनाच्या मूळ गरजा तीनच आहेत : स्वच्छ इंधन, पुरेशी हवा आणि योग्य दाब. यांपैकी दाब सहसा सावकाश, अनेक वर्षांच्या झिजेने कमी होतो. चालते इंजिन अचानक थांबले तर संशयाची सुई आधी इंधनाकडे वळवावी. घाईने हेड खोलणारा कारागीर अनेकदा निरोगी इंजिनाची चिरफाड करतो आणि मूळ दोष टाकीतच राहतो.

स्टार्टर इंजिन फिरवीतच नसेल, तर दोष बहुधा विजेचा असतो. पूर्ण चार्ज असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर भार नसताना सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर आणि अर्थच्या जोडावर गंज चढतो. हे जोड घासून घट्ट केल्यानेही पुष्कळदा काम भागते.

इंजिन जोमाने फिरते, पण सुरू होत नाही आणि एक्झॉस्टमधून धूरही येत नाही, याचा अर्थ इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी इंधनाचा कॉक, इंजिन बंद करण्याची खेच-दोरी, पाणी वेगळे करणारा पहिला फिल्टर आणि त्यानंतरचा बारीक फिल्टर या क्रमाने तपासणी करावी. टाकीच्या तळाशी पाणी साचले की डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात व त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. नौका शांत पाण्यात असेपर्यंत तो तळाशी राहतो. लाटांत ती हेलकावू लागली की ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबवतो. नेमके गरजेच्या वेळी इंजिन दगा देते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

फिल्टर बदलल्यावर नळीत शिरलेली हवा काढावी लागते. हातपंप चालवीत आधी फिल्टरवरचा आणि मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की तो आवळावा. इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये, कारण त्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत शिरते. दुसरी सावधगिरी समुद्राच्या पाण्याची. इंजिन सुरू न होता दीर्घकाळ फिरवीत राहिल्यास थंडाव्याचे पाणी एक्झॉस्टमध्ये साचून सिलिंडरमध्ये उलटू शकते. म्हणून तेवढ्यापुरता पाण्याचा कॉक बंद ठेवावा आणि इंजिन सुरू होताक्षणी न विसरता उघडावा.

इंजिन तापू लागले, तर एक्झॉस्टमधून पाणी पडते की नाही हे पाहावे. पडत नसल्यास जाळीत शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असते, अथवा पंपातील रबरी इम्पेलर फाटलेला असतो. त्याची तुटलेली पाती शोधून काढल्याखेरीज नवा इम्पेलर बसवू नये. ती पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतात.

धुराचा रंगही बोलका असतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा वाफ. तो टिकून राहिला आणि डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले, तर तेलात पाणी मिसळले आहे असे समजून इंजिन चालवणे थांबवावे. काळा धूर अपुऱ्या हवेचा, बिघडलेल्या इंजेक्टरचा किंवा अतिभाराचा असतो. आपल्या पाण्यात या अतिभाराचे कारण अनेकदा इंजिनाबाहेरच सापडते : पंख्याला गुंडाळलेले जुने जाळे किंवा त्यावर चढलेली कालवे.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि शिडाच्या नौकाही बहुधा पावसाळ्यात उभ्याच असतात. अर्धवट भरलेल्या टाकीत याच दमट काळात पाणी साचते. नौका उभी करण्यापूर्वी टाकी भरून ठेवावी, तेल बदलावे, इम्पेलर काढून ठेवावा आणि हंगामाच्या आरंभी टाकीच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. बाटलीत खाली पाण्याचा थर दिसला, तर तो निघेपर्यंत नौका बंदराबाहेर नेऊ नये. केवळ बॅटरीसाठी तासन्‌तास मंद गतीने इंजिन चालवण्याची सवयही टाळावी, कारण त्याने आत काजळी साठते. दोन फिल्टर, एक इम्पेलर, एक पट्टा आणि पान्यांचा संच एवढे सामान नौकेवर असले, तर वर सांगितलेले बहुतेक दोष समुद्रावरच दूर करता येतात.