तांबडी माती आणि ज्युदोची गादी

ज्युदो परका आणि कुस्ती आपली, ही विभागणी इतिहासाला मान्य नाही. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्याच गटात सुवर्ण जिंकणारा जपानचा शोहाची इशी मूळचा ज्युदोपटू. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर निर्बंध आले, म्हणून तो कुस्तीकडे वळला. ज्युदोत पकड जाकिटाची, कुस्तीत अंगाची, हा आक्षेप खरा आहे. पण प्रतिस्पर्ध्याचा तोल मोडण्याची विद्या एकच, हे इशीनेच सिद्ध केले. मग कुस्तीकडून ज्युदोकडे असा उलटा प्रवास का होऊ नये? लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्याने हरिश्चंद्र बिराजदारांसारखे मल्ल दिले, म्हणजे अंगची रग इथे आहेच. आणि ज्युदोतले यशही भारतीयांच्या आवाक्यात आहे: 2022 मध्ये मणिपूरच्या लिंथोई चनंबमने साराजेव्होत कॅडेट गटाचे जागतिक ज्युदो सुवर्ण जिंकले. लातूरच्या तालमींनी आता मातीच्या हौद्याशेजारी ज्युदोची गादीही अंथरावी.