खावटी आणि उचल : नंदुरबार जिल्ह्यातील स्थलांतरित आदिवासी कुटुंबांच्या शासकीय साहाय्याचा इतिहास

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. गुजरात व मध्य प्रदेश या राज्यांच्या सीमांना भिडलेल्या या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे पावसाळा सरताच ऊसतोडणीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. प्रस्तुत लेखात या कुटुंबांना मिळालेल्या शासकीय साहाय्याचा, मुख्यतः खावटी योजनेच्या अनुषंगाने, विचार केला आहे.

खावटी म्हणजे पोटापुरते उसने घेतलेले धान्य वा पैसा. आषाढ-श्रावणात घरातील दाणे संपतात आणि नवे पीक अद्याप शेतात असते. सावकाराचा व्यवहार याच काळात चाले. ऊसतोडीच्या मुकादमाची उचलही याच सुमारास गावात येते. उचल घेतलेले जोडपे म्हणजे एक 'कोयता'. हंगामाअखेरीस मजुरीतून उचल वळती होते आणि हाती फारसे उरत नाही. बारडोलीच्या साखर कारखान्यांभोवतीची ही व्यवस्था यान ब्रेमन यांनी १९७८ साली अभ्यासकांपुढे मांडली.

योगायोग असा की, महाराष्ट्रातील खावटी कर्ज योजनेचा आरंभही १९७८ चाच. तिची पूर्वतयारी आधीच्या दशकारंभापासून दिसते. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळाची स्थापना झाली. त्याच वर्षी शहादा परिसरात अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन आदिवासी व सालदार संघटित होत होते. १९७६ च्या आदिवासी आर्थिक स्थिती सुधारणा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील खाजगी सावकारीस प्रतिबंध केला. सावकार हटविल्यावर पावसाळ्यातील पोकळी कोण भरणार, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे खावटी. ती अंशतः रोख व अंशतः धान्यरूपाने दिली जाई. तिची रक्कम तुटपुंजी होती हे खरे. परंतु माझ्या मते तिची खरी कसोटी तारखेची होती. मुकादमाआधी खावटी पोहोचली तर कुटुंबास निवडीला वाव उरतो. नंतर पोहोचली तर ती फार तर उचलीस जोड ठरते.

ही योजना २०१३-१४ नंतर खंडित झाली. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, शासनाने तिला शंभर टक्के अनुदानाचे रूप देऊन प्रतिकुटुंब ४,००० रुपये मंजूर केले : २,००० रुपये बँक खात्यात व तेवढ्याच किमतीच्या वस्तू. निर्णय २०२० च्या पावसाळ्यातील. वस्तूंचे वाटप मात्र २०२१ वर गेले. मधला एक संपूर्ण गाळप हंगाम उलटून गेला होता!

सीमेपलीकडील साहाय्याचा प्रश्न वेगळा आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदाराचा परवाना व विस्थापन भत्ता यांची तरतूद केली. पण मुकादम हा नातलग वा गावकरीच असल्याने परवान्याचा आग्रह कोणी धरावा? २०१५ च्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना मिळणारा चौरस आहार गावातील अंगणवाडीशी बांधलेला होता. उसाच्या फडावरील गरोदर स्त्री त्यास मुकते. ऑगस्ट २०१९ मध्ये शिधापत्रिका राज्याबाहेर चालविण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती. स्थलांतरित माता व बालकांचा माग ठेवणारी नोंद-प्रणाली २०२१ मध्ये ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम योजण्यात आली, त्यांत नंदुरबारचा समावेश होता. कुटुंब गाव सोडते त्या दिवशीच अंगणवाडी सेविकेने नोंद केली, तरच पलीकडच्या अंगणवाडीस ते मूल सापडते.