ससाणे मोजणाऱ्यांचा इतिहास

१/ पैनगंगेकाठचा झरी जामणी तालुका. कापसाची पहिली वेचणी सुरू होते, त्याच सुमारास मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून भोवत्या हा शिकारी पक्षी दख्खनच्या माळांवर उतरू लागतो. शेतांवरून अगदी खालून घिरट्या घालत तो टोळ, नाकतोडे व उंदीर टिपतो. अशा पक्ष्यांची मोजदाद माणसाने का सुरू केली, याचा हा धागा.

२/ शिकारी पक्ष्यांचे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘श्येनविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. पण ते ज्ञान राजाच्या मनगटावर बसणाऱ्या, शिकवलेल्या ससाण्याचे. आकाशातून निघून जाणाऱ्या पक्ष्याचा हिशेब ठेवण्याचे राजाला प्रयोजन नव्हते.

३/ तो हिशेब सुरू झाला हत्येच्या जागी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने १९२९ मध्ये गोशॉक या शिकारी पक्ष्यावर ५ डॉलरचे इनाम लावले होते. शरद ऋतूत एका डोंगरकड्यावर बंदूकधारी जमत व डोंगररांगेवरून जाणारे सर्वच शिकारी पक्षी पाडत. १९३२ मध्ये रिचर्ड पफ यांनी तेथील मृत पक्ष्यांची छायाचित्रे घेतली.

४/ ती पाहून रोझली एज या महिलेने १९३४ मध्ये तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला. रखवालदार म्हणून मॉरिस ब्रून आले. बंदुका थांबल्या, ब्रून कड्यावर बसून पक्षी मोजू लागले. हेच आजचे ‘हॉक माउंटन’.

५/ डोंगरच का? वारा उतारावर आदळून वर चढतो आणि त्या झोतावर पंख न हलवता पक्षी तरंगत जातो. म्हणून विखुरलेले प्रवासी एका रांगेत येतात व एकाच माणसाला मोजता येतात.

६/ या वह्यांचे मोल पुढे कळले. १९३५–३९ मध्ये तेथे दिसलेल्या, अमेरिकेच्या राजमुद्रेवरील गरुडांत सुमारे ४० टक्के पिल्ले होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती सुमारे २० टक्क्यांवर आली. रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) मध्ये हा पुरावा मांडला. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होतात, हे पुढील संशोधनातून सिद्ध झाले. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली.

७/ भारताची कथाही अशीच. नागालँडमधील दोयांग जलाशयाजवळ २०१२ च्या शरदात जाळी लावून हजारो अमूर ससाणे मारले जात असल्याचे उघड झाले. गावकऱ्यांनी स्वतः बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी शिकार थांबली.

८/ नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथील तीन ससाण्यांवर उपग्रह-यंत्रे बसवली गेली. नावे ठेवली नागा, पांगती व वोखा. जेमतेम दीडशे ग्रॅमचे हे पक्षी भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, हे जगाने नकाशावर पाहिले.

९/ आता पुन्हा यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या शेतातील किडे भोवत्या खातो, तेच हे शेत. पेनसिल्व्हेनियात गरुडांच्या घटत्या आकड्याने विषाची वार्ता दिली. इथे ती माणसांच्या मृत्यूने दिली.

१०/ मोजणीला फार साधने लागत नाहीत. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, पक्ष्याची जात, संख्या. एकही पक्षी दिसला नाही, तर शून्य लिहावे. ब्रून मोजू लागले तेव्हा त्यांना डीडीटीचे नावही ठाऊक नव्हते. दस्तऐवज असेच असतात: त्यांना कोणता प्रश्न विचारला जाईल, हे लिहिणाऱ्याला माहीत नसते, पण लिहिलेच नसेल, तर पुढच्यांना तो प्रश्न विचारताच येत नाही.