विद्यार्थ्यांच्या लैंगिक आरोग्याची जोखीम कशी मोजली जाते?

कोरमंगला (बंगळुरू) : नवउद्योगांचे केंद्र म्हणून ओळख मिळण्यापूर्वीपासूनच कोरमंगला हा बंगळुरूतील विद्यार्थ्यांचा भाग आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९६३ मध्ये, तर मुलींसाठीच्या ज्योती निवास महाविद्यालयाची १९६६ मध्ये झाली. लगतच्या होसूर रस्त्यावर ख्राइस्ट विद्यापीठ आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून आलेली मुले-मुली या परिसरातील वसतिगृहांत आणि पीजींमध्ये राहतात. घरापासून दूर, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याच्या या वयात त्यांच्या लैंगिक आरोग्याला किती धोका आहे, हा प्रश्न पालक, महाविद्यालये आणि डॉक्टर या सर्वांपुढे असतो. त्याचे उत्तर देण्यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांची ही ओळख.

सरकारी आकडेवारीत विद्यार्थी कुठे?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना ठरावीक समूहांमध्ये एचआयव्हीची नियमित पाहणी करते. गर्भवती महिला, देहविक्रय करणाऱ्या महिला, समलैंगिक संबंध असणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्ती, स्थलांतरित कामगार आणि लांब पल्ल्याचे ट्रकचालक हे त्यातील प्रमुख समूह. विद्यापीठीय विद्यार्थी हा त्यात स्वतंत्र समूह नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरोघरी जाऊन केले जाते. वसतिगृहातील विद्यार्थी अशा पाहणीतून सहज निसटतो. लैंगिक वर्तनाविषयीचे प्रश्नही त्यात सर्व घरांत नव्हे, तर निवडक घरांतच विचारले जातात.

याच सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २२ टक्के महिला आणि ३१ टक्के पुरुषांनाच एचआयव्हीविषयी सर्वंकष माहिती असल्याचे आढळले. माहितीची ही उणीव मोठी आहे. मात्र माहिती किती आहे हे कळल्याने प्रत्यक्ष जोखीम किती आहे हे कळत नाही. त्यासाठी वेगळी मोजणी लागते.

आजार नव्हे, वर्तन का मोजायचे?

भारतातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. विद्यार्थ्यांमध्येही तेवढेच प्रमाण गृहीत धरले, तरी एक हजार जणांची चाचणी केल्यावर दोन रुग्ण सापडतील. दोन रुग्णांवरून कोणत्या विद्यार्थ्यांना धोका अधिक आहे किंवा कोणता उपाय उपयोगी पडला, हे ठरवता येत नाही. शिवाय चाचणी झालेल्या संसर्गाची नोंद करते, होऊ शकणाऱ्या संसर्गाची नाही. म्हणून संशोधक संसर्गाकडे नेणाऱ्या वर्तनाची मोजणी करतात: कंडोमविना संबंध, अनोळखी जोडीदार, मद्याच्या अंमलाखाली आलेला संबंध, जोडीदाराच्या पूर्वायुष्याविषयीचे अज्ञान आणि गर्भनिरोधकाचा अभाव.

केवळ एचआयव्हीपुरता हा विषय मर्यादित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनियासिस या बऱ्या होऊ शकणाऱ्या चार आजारांचा जगभरात ३७ कोटी ४० लाख वेळा नव्याने संसर्ग झाला. यातील अनेक संसर्गांत कोणतेही लक्षण दिसत नाही. त्रास नाही म्हणजे आजार नाही, असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणूनच जोखीम अधिक असते.

मोजपट्टीचे अंतरंग

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या साधनांपैकी एक म्हणजे जेसिका टर्चिक आणि जॉन गार्स्के यांची २००९ मधील ‘सेक्शुअल रिस्क सर्व्हे’ ही प्रश्नावली. अमेरिकेतील ६१३ पदवी विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून ती सिद्ध झाली. तिच्यात २३ प्रश्न असून गेल्या सहा महिन्यांत एखादी गोष्ट किती वेळा घडली, हे विद्यार्थ्याने आकड्यात लिहायचे असते. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण मिळतात. म्हणजे एकूण गुण शून्य ते ९२ च्या दरम्यान येतात.

हे गुण देण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. बहुसंख्य विद्यार्थ्यांची उत्तरे शून्य किंवा त्याच्या जवळपास असतात आणि मोजक्यांचे आकडे फार मोठे असतात. सरळ बेरीज केली, तर हे मोजके जण संपूर्ण सरासरी फिरवतात. म्हणून शून्य हे उत्तर वेगळे ठेवून उरलेली उत्तरे चढत्या क्रमाने लावली जातात. त्यातील खालच्या ४० टक्क्यांना एक, पुढील ३० टक्क्यांना दोन, त्यानंतरच्या २० टक्क्यांना तीन आणि सर्वांत वरच्या १० टक्क्यांना चार गुण दिले जातात.

याचा अर्थ असा, की हे गुण त्या गटाच्या तुलनेतले असतात. थर्मामीटरवरील १०२ अंश बंगळुरूत आणि अमेरिकेत सारखेच. या प्रश्नावलीवरील ३० गुण तसे नाहीत. परदेशी गटावरून ठरलेल्या मर्यादा जशाच्या तशा येथे लावून एखाद्या विद्यार्थ्याला ‘अतिजोखमीचा’ ठरवणे शास्त्रीयदृष्ट्या चूक ठरते. गटागटांची तुलना करणे आणि कोणत्या वर्तनावर भर द्यायचा हे ठरवणे, हाच या मोजपट्टीचा योग्य उपयोग आहे. नैतिकतेचे प्रमाणपत्र देण्यासाठी ती नाही.

मुंबईचा धडा

भारतीय विद्यार्थ्यांविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईत झाला. लीना अब्राहम आणि के. अनिल कुमार यांनी अल्प उत्पन्न गटातील ९६६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २६ टक्के मुलांनी आणि तीन टक्के मुलींनी शरीरसंबंधाचा अनुभव असल्याचे सांगितले.

या दोन आकड्यांतील अंतर हाच मोजणीचा धडा आहे. मुलांच्या जोडीदार महाविद्यालयाबाहेरच्याही असू शकतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण. दुसरे अधिक गंभीर आहे: बढाईला प्रतिष्ठा असलेला मुलगा आकडा वाढवून सांगू शकतो आणि बदनामीची भीती असलेली मुलगी तो दडवू शकते. ज्या मुलीने ‘नाही’ असे लिहिले, तिची जोखीम अहवालात शून्य धरली जाते. तिच्यासाठी समुपदेशन, चाचणी किंवा गर्भनिरोधकाची सोय करण्याची गरज मग कागदावर उरतच नाही.

याच विद्यार्थ्यांमधील नात्यांचे तीन प्रकार अब्राहम यांनी २००२ च्या लेखात नोंदवले: ‘भाई-बहन’, ‘ट्रू लव्ह’ आणि ‘टाइमपास’. पहिल्यात शारीरिक जवळीक अपेक्षित नसते, दुसऱ्यात विवाहाचा हेतू असतो, तिसरे नाते तात्पुरते असते. ‘गेल्या सहा महिन्यांत किती जोडीदार होते?’ असे विचारल्यावर प्रत्येक विद्यार्थी यांतील कोणत्या नात्याला ‘जोडीदार’ म्हणेल, हे प्रश्नकर्त्याला ठाऊक नसते. देशभरातील भाषा बोलणारे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात अशा कोरमंगलासारख्या ठिकाणी केवळ भाषांतर पुरत नाही. प्रत्येक शब्दाचा विद्यार्थ्यांना लागणारा अर्थ आधी तपासून घ्यावा लागतो.

खरे उत्तर मिळवण्याच्या पद्धती

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६ ते २००८ दरम्यान महाराष्ट्रासह सहा राज्यांत ५० हजारांहून अधिक युवकांची पाहणी केली. कर्नाटकाचा तिच्यात समावेश नव्हता. मुलाखतीनंतर विवाहपूर्व संबंधांविषयीचे उत्तर कागदावर खूण करून बंद पाकिटात देण्याची सोय तिच्यात होती. १५ टक्के युवक आणि चार टक्के युवतींनी असे संबंध आल्याचे नोंदवले.

दुसरी पद्धत स्टॅनले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर आधारलेली आहे. समजा, २०० विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक नाणे दिले. छाप पडल्यास काहीही असो, ‘हो’ लिहायचे. काटा पडल्यास खरे उत्तर लिहायचे. नाणे फक्त विद्यार्थ्यालाच दिसते. एकूण १३० ‘हो’ आले, तर त्यातील सुमारे १०० नाण्यामुळे आलेले असतात. उरलेल्या १०० जणांपैकी ३० जणांचे उत्तर खरोखर ‘हो’ आहे, म्हणजे प्रमाण ३० टक्के. गटाचे प्रमाण कळते, पण कोणत्याही एका विद्यार्थ्याचे उत्तर कोणालाच कळत नाही.

नाव गुप्त राहील याची खात्री मिळाली की माणसे विचारतात, हे महाराष्ट्राला नवे नाही. गणिताचे प्राध्यापक असलेल्या र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली होती.

कायद्याची चौकट

विद्यापीठीय पाहणीत वयाचा प्रश्न नाजूक असतो. प्रथम वर्षाचे काही विद्यार्थी १७ वर्षांचे असतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा असून त्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे ओळख पटेल अशी उत्तरे गोळा करणारी प्रश्नावली विद्यार्थी आणि संशोधक या दोघांनाही अडचणीत आणू शकते. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा (२०१७) सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि शिक्षणासाठी चाचणीची अट घालता येत नाही. पाहणीत भाग न घेण्याचा किंवा मध्येच थांबण्याचा अधिकार विद्यार्थ्याला असतो. प्राध्यापकांच्या देखत वर्गात भरून घेतलेला अर्ज ही खरी संमती नव्हे.

आकड्यानंतर काय?

पाहणीत उत्तर देताना स्वतःची जोखीम प्रथमच लक्षात आलेल्या विद्यार्थ्याला त्याच कागदावर पुढची वाट दिसली पाहिजे. एचआयव्हीचा संसर्ग झाला असण्याची शंका असल्यास प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. संसर्गानंतर लगेच केलेली चाचणी निर्दोष येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळानंतर पुन्हा करावी लागते. शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि अहवाल गुप्त ठेवला जातो. १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क आहे.

महाविद्यालयांसाठी कसोटी सोपी आहे. पाहणीचा निष्कर्ष वसतिगृहाचे नियम कडक करण्यासाठी वापरला, तर पुढील वर्षी विद्यार्थी खरे लिहिणार नाहीत आणि आकडा आपोआप घटेल. जोखीम मात्र तेवढीच राहील. तोच निष्कर्ष समुपदेशकाची नेमणूक, चाचणीची सोय आणि अचूक माहिती यांसाठी वापरला, तर पुढील पाहणीत आकडा कदाचित वाढलेलाही दिसेल. त्या वाढीचा अर्थ विद्यार्थी बिघडले असा नसून ते खरे सांगू लागले, असाही असू शकतो.